खोड म्हणण्याआधी

कालपर्यंत मुकाट्याने पाठीवर घेणारी घोडी एक दिवस खोगीर दिसताच कान मागे पाडते. तंग आवळायला हात पोटाखाली गेला की दात दाखवत वळते. रिकिबीत पाय टाकला की बाजूला सरकते आणि स्वार बसलाच तर चार पावलं टाकून जागीच उभी राहते. टाच मारा, चाबूक दाखवा, ती हलत नाही. गोठ्याजवळ जमलेल्यांचा निकाल तयार असतो : घोडीला खोड लागली. पुढचे सल्लेही ठरलेले. काटेरी लगाम घाला, दोन दिवस उपाशी ठेवा, नाहीतर येत्या बाजारात काढून टाका.

या निकालाची घाई घोड्याला फार महागात पडते. आधी नीट चालणारं जनावर अचानक स्वारी नाकारू लागलं, तर पहिला संशय दुखण्यावर घ्यायचा, हा घोड्यांच्या वैद्यकातला आजचा साधा नियम आहे. दुखणं नाही याची खात्री पटली की मगच भीती, सवय, शिकवणुकीतली कसर यांच्याकडे वळायचं. आपण बहुतेकदा उलट्या क्रमाने जातो. आधी शिक्षा करतो आणि डॉक्टर आठवतात ते जनावर लंगडायला लागल्यावर.

जळोचीत, बारामतीत, पलीकडे इंदापुरात हा विषय परका नाही. हा मुलूखच घोड्यांचा. मराठ्यांच्या फौजांनी ज्यांच्या पाठीवर मजला मारल्या ती भीमथडीची तट्टं याच पट्ट्यातली. धनगरांच्या कळपांबरोबर बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या पाठीवर घेऊन ती आजही चालतात. जानेवारी २०२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला आणि इंदापुरात अश्व धावतात. दिवाळीच्या सुमाराला नीरेपलीकडे अकलूजला घोडेबाजार भरतो आणि हौसेने घोडी दारी येते. पण घोडीबरोबर ती सांभाळण्याचं ज्ञान बाजारात मिळत नाही.

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या आपल्या जुन्या कोड्याचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. त्यात तथ्य आहे. ठाणावर बांधून ठेवलेल्या घोड्याचे सांधे आखडतात, स्नायू सैल पडतात, मन बिघडतं. पण रोज फिरवलेला घोडाही अडतो. तेव्हा कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

दुखणं लपवणारं जनावर

घोडा हा शिकार होणारा प्राणी. मोकळ्या रानात जो लंगडला तो आधी मेला, म्हणून दुखणं झाकणं त्याच्या रक्तातच आहे. कुत्र्यासारखा तो केकाटत नाही. त्याची तक्रार बारीक खुणांतून येते, आणि त्या खुणांनाच आपण हट्ट म्हणतो.

ब्रिटनमधल्या अश्ववैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खुणा नीट मांडल्या. स्वारी चालू असताना दिसणाऱ्या २४ खुणांची त्यांची यादी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. कान बराच वेळ मागे पडलेले, शेपूट सारखी झटकणं, तोंड उघडं ठेवणं, डोकं वर फेकणं किंवा वाकडं धरणं, नजर ताठ होणं, चाल मध्येच तुटणं, पुढे जायला नकार देणं अशा त्या खुणा. त्यातल्या आठ किंवा अधिक एकत्र दिसल्या तर हाडा-स्नायूंत कुठेतरी वेदना असण्याची दाट शक्यता. याचा पुरावाही त्यांनी दिला. दुखऱ्या भागाला बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर त्याच घोड्यांतल्या या खुणा लगेच कमी झाल्या. जी खोड एका इंजेक्शनने थांबते, ती खोड नसतेच.

बाहेरून आत

समजा, जळोचीतल्या एका शेतकऱ्याने दिवाळीनंतर घोडी आणली. माघापर्यंत ती झकास चालली आणि फाल्गुनात अडायला लागली. शोध कुठून सुरू करायचा? जे बाहेरून दिसतं तिथून.

पहिला मान खोगिराचा. घोडी खाऊन भरली किंवा वाळली की पाठीचा आकार बदलतो, खोगीर मात्र तेच राहतं. फेरफटका मारून आल्यावर खोगीर उतरवा आणि घामाचा ठसा पाहा. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा असेल तर ठीक. मध्येच कोरडा डाग राहिला असेल तर बहुधा तिथे दाब जास्त पडतो आहे. अयाळ संपते त्या उंचवट्यावर पांढरे केस उगवले असतील तर तिथली कातडी पूर्वी कधीतरी दाबली गेली आहे. अशा वेळी आपण मायेने आणखी एक गोधडी खाली घालतो. खोगीर आधीच अरुंद असेल, तर तेवढ्याने ते आणखी आवळतं.

मग उघडी पाठ तपासा. घोडी सपाट जागेवर चारही पायांवर सारखी उभी हवी. कण्यापासून चार बोटं अंतर ठेवून, दोन बोटांच्या पेरांनी, खांद्याच्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत सावकाश दाबत जा. निरोगी घोडीची कातडी जराशी थरथरते, एवढंच. दुखरी जागा आली की पाठ खाली जाते, डोकं वर येतं, शेपूट झटकते किंवा बोटांखालचा स्नायू एकदम दगडासारखा होतो. पुढे जाऊन पुन्हा मागे या. दर वेळी त्याच जागी तसंच झालं, तर ती जागा डॉक्टरांना दाखवायची. कधी दोष कातडीखाली, मणक्यांच्या वरच्या टोकांतच असतो. ती टोकं एकमेकांना घासतात, आणि ते एक्स-रेशिवाय कळत नाही.

स्वाराच्या वजनाकडेही पाहायला हवं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा सर्वसाधारण अंदाज मानतात. म्हणजे अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नास किलो. ओझ्याच्या जनावरांसाठी आपल्या देशात १९६५ साली नियम झाले. त्यांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. धट्टाकट्टा माणूस लहान तट्टावर बसतो तेव्हा ही मर्यादा ओलांडलेलीच असते.

आता तोंड. घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडीतून वर येत राहतात आणि वैरण दळताना झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होते. या धारेने गाल आणि जीभ कापली जाते. त्यावर लगाम ओढला की घोडी डोकं फेकणार नाही तर काय करणार? चघळलेल्या वैरणीचे गोळे खाली पडत असतील, एकाच बाजूने खाणं चालू असेल, तर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दाढा घासून घेण्याचं काम राहून गेलं आहे. आणि काटेरी लगाम हा उपाय नाहीच. त्याच १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे.

पाय तपासताना एका गोष्टीत हमखास चकवा बसतो. एक पाय दुखला तर घोडी लंगडते. पुढचे दोन्ही पाय सारखेच दुखले तर ती लंगडत नाही, नुसती पावलं आखूड टाकते, आणि मालक म्हणतो, आळशी झाली. अशा घोडीला एकदा मऊ मातीवर आणि एकदा मुरमाड रस्त्यावर चालवून पाहा, छोट्या गोलात वळवा. मुरमावर अडखळत असेल, खुराला हात लावल्यावर ऊब जास्त लागत असेल, तर दुखणं खुरात आहे. नालाचा खिळा आत लागला असेल, तळव्यात पू झाला असेल किंवा चंदी आणि गूळ जास्त होऊन खुराला आतून सूज आली असेल. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. नाल गळून पडेपर्यंत वाट पाहू नये.

आणि पोट. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, पण त्यात आम्ल दिवसरात्र पाझरतं. ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. सकाळ-संध्याकाळ दोनदा चंदी आणि मधले तास रिकामी गव्हाण असेल, तर जठराच्या वरच्या, नाजूक भागाला आम्ल लागून व्रण पडतात. तंग आवळताना चावायला येणाऱ्या घोडीत हा संशय घ्यावाच. तिला दोन दिवस उपाशी ठेवण्याचा सल्ला म्हणजे जखमेवर आम्लच ओतणं. उलट, स्वारीच्या अर्धा तास आधी मूठ-दोन मुठी वाळलेली वैरण द्यावी.

गव्हाणीतलं कारण

एवढं पाहूनही काही सापडलं नाही, तर आपल्या या पट्ट्यात आणखी एका ठिकाणी बघायला हवं, आणि ते म्हणजे गव्हाण. नीरा डाव्या कालव्याखालचा हा ऊसपट्टा. गाळपाच्या हंगामात उसाचे वाढे मुबलक आणि स्वस्त. गाईम्हशींना घालतो तेच घोडीलाही पडतात, वर मायेने गव्हाचा कोंडा. गाई धडधाकट राहतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. घोडी मात्र हळूहळू खचत जाते.

वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते कॅल्शियम अंगी लागत नाही. गाईच्या कोठीपोटातले जीवाणू बरंचसं ऑक्झॅलेट मोडतात. घोड्याला कोठीपोट नाही, त्यामुळे त्याचं नुकसान जास्त. त्यात गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, दीड-दोन पट असेल तर उत्तम. इथे पारडं पार उलटं फिरतं. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढायला लागतं. पिठाच्या गिरण्यांवर कोंडा खाऊन राहणाऱ्या घोड्यांत हा आजार इतका दिसे की युरोपात त्याला गिरणीवाल्यांचा आजार म्हणत.

आधी हाडं पोकळ होतात आणि स्नायूबंधांची पकड ढिली पडते. घोडी पावलं आखूड टाकते, आज या पायाने तर उद्या त्या पायाने किंचित लंगडते, वजन पाठीवर आलं की थांबते. बाहेरून सूज नाही, जखम नाही. फार उशिरा गालांची हाडं फुगून चेहरा जड दिसू लागतो. रक्त तपासलं तरी कॅल्शियम बऱ्याचदा ठीकच येतं, कारण रक्तातली तूट हाडं भरून काढत असतात. अहवाल चांगला आला म्हणून मालक निश्चिंत होतो आणि हाडं झिजत राहतात.

म्हणून जळोचीच्या त्या काल्पनिक घोडीबद्दल हा प्रश्न विचारायलाच हवा : ती आल्यापासून गव्हाणीत काय बदललं? कडब्याच्या जागी वाढे आले असतील आणि ती फाल्गुनात अडायला लागली असेल, तर धागा हाती लागला. वाढे आणि कोंडा बंद करून कडबा, वाळलेलं गवत आणि लसूणघास द्यायचा. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. खनिज मिश्रण किती आणि कोणतं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. हाडं भरून यायला काही महिने जातात. तोवर खोगीर खुंटीवरच राहू द्यावं.

एका वेळी एकच बदल

हा सगळा शोध वहीशिवाय होत नाही. घोडी पहिल्यांदा कधी अडली, त्याआधीच्या काही महिन्यांत खोगीर, नालबंद, स्वार, वैरण, काम यांतलं काय बदललं, ती कधी अडते : तंग आवळताना, बसताना, चढावर, की वळणावर? हे लिहून ठेवलं की डॉक्टरांचं निम्मं काम होतं. उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थोडे दिवस थांबायचं. खोगीर, नाल आणि वैरण एकाच दिवशी बदलली, तर घोडी सुधारूनही कारण कळणार नाही. जठरातला व्रण दुर्बिणीतून दिसतो, मणक्याचा दोष एक्स-रेत, पायाचं दुखणं बधिर करण्याच्या इंजेक्शनने नेमकं सापडतं. गावातल्या दवाखान्यात या सोयी नसल्या तर डॉक्टरांना विचारून मोठ्या ठिकाणी न्यावं. आपल्याला जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला आहे.

दुखणं बरं झालं तरी घोडी दुसऱ्या दिवशी आनंदाने पुढे होईल असं नाही. तंग म्हणजे वेदना हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तेव्हा आधी नुसतं हाताने फिरवणं, मग खोगीर ठेवून काढणं, मग तंग हलका लावणं आणि शेवटी हलक्या वजनाचा स्वार, असं पायरीपायरीने जावं.

दुखण्याचं कारण न शोधता घोडी बाजारात काढली की ते तिच्याबरोबरच जातं. पुढचा मालक जास्त जालीम लगाम घालतो, त्यापुढचा त्याहून जालीम, आणि एक चांगलं जनावर खोडील म्हणून हातोहात फिरत राहतं. ज्या मुलखाने भीमथडीची तट्टं राखली, त्याने हे होऊ देऊ नये. तुमची घोडी उद्या अडली तर तंग सोडा, पाठ चाचपा, तोंड उघडून पाहा, खूर उचला, गव्हाण बघा, आणि निकाल द्यायच्या आधी पशुवैद्यकाला बोलवा.