जीर्ण चित्रपटाचा पाठनिर्णय : ‘ग्रिझ्बी’च्या निमित्ताने

शिरूर किंवा दौंड यांसारख्या तालुक्याच्या गावी एके काळी चित्रपट येई तो मोठ्या शहरांत अनेक आठवडे चालून झिजलेल्या प्रतीच्या रूपाने येई. जत्रेतील तंबूत तर त्याहूनही जुनी प्रत लागे. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडे, तुटलेली फीत जोडताना काही चौकटी गळत, आणि पात्राचे वाक्य मध्येच तुटे. तुटलेले वाक्य प्रेक्षक मनाने पुरे करून घेत. पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, वंशवृक्षाच्या अगदी खालच्या फांदीवरील ही प्रत होय. आज त्याच गावातील घरी ब्लू-रे तबकडीवर जो जुना चित्रपट दिसतो तो पुष्कळदा बुंध्याजवळचा असतो. मधले अंतर कोणीतरी संपादकाने तोडलेले असते. हा संपादक नेमके काय करतो, आणि त्यातून भाषेच्या अभ्यासकापुढे कोणता प्रश्न उभा राहतो, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणादाखल झाक बेकेर ह्या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५४ सालचा ‘तूशे पा ओ ग्रिझ्बी’ हा चित्रपट घेऊ. त्याची पुनरुज्जीवित आवृत्ती ब्लू-रे तबकडीवर उपलब्ध आहे. शीर्षकाचा अर्थ ‘लुटीला हात लावू नका’ असा होतो. ‘ग्रिझ्बी’ हा शिष्ट फ्रेंचमधील शब्द नव्हे. पॅरिसच्या गुन्हेगारांच्या ‘आर्गो’ नामक बोलीतील तो पैशासाठी वापरला जाणारा शब्द. आल्बेर सिमोनँ ह्यांच्या १९५३ सालच्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला असून पटकथेतही त्यांचा हात होता. पुढे १९५७ साली ह्याच लेखकाने आर्गोचा एक सचित्र कोशही प्रसिद्ध केला. कथा थोडक्यात अशी : वय झालेला दरोडेखोर मॅक्स (झाँ गाबँ) व त्याचा मित्र रितों (रने दारी) ह्यांनी ऑर्लीच्या विमानतळावरून सोन्याच्या विटा लांबविल्या आहेत. दरोडा पडद्यावर दिसतच नाही. रितों आपल्या प्रेयसीपाशी, झान मोरोने रंगविलेल्या नर्तकीपाशी, एक वाक्य जास्त बोलतो. ते प्रतिस्पर्धी आंजेलोच्या कानी जाते, आणि सर्वनाश ओढवतो. बंदुकीपेक्षा जिभेनेच येथे अधिक अनर्थ घडविला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पुनरुज्जीवनाकडे वळू. चित्रफितीवर सेकंदाला चोवीस चौकटी असतात; म्हणजे दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी होतात. मूळ निगेटिव्ह हाती असल्यास त्यातील प्रत्येक चौकट यंत्राने टिपून घेतात. निगेटिव्हचा एखादा भाग नष्ट झाला असेल तर त्यापासून काढलेल्या दुय्यम प्रतीवरून तो भरून काढतात. मग ओरखडे, डाग, थरथर दूर करून काळ्यापांढऱ्याची तोलजोख ठरवितात. निरनिराळ्या प्रती जमविणे, त्यांचे परस्परसंबंध ठरविणे, लेखनिकाचा दोष आणि कर्त्याचा हेतू ह्यांत विवेक करणे, हे सारे पुण्याच्या अभ्यासकास नवे नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ह्याच शिस्तीची आहे.

तथापि एक भेद आहे, आणि तो माझ्या मते निर्णायक आहे. डॉ. वि. सी. सुखटणकर ह्यांनी त्या आवृत्तीत जेथे पाठ निश्चित नव्हता तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली आणि पृष्ठाच्या तळाशी पाठभेद नोंदविले. संपादकाने कोठे निवड केली हे वाचकाला डोळ्यांनी दिसते. पुनरुज्जीवित चित्रपटात अशी नागमोडी रेघ नसते. ओरखडा पुसून मागच्या-पुढच्या चौकटींवरून त्या जागी जे भरले ते मूळचेच म्हणून आपण पाहतो. पुसण्याचा हव्यास वाढला की फितीचा स्वाभाविक कणदारपणाही जातो आणि पात्रांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. एवढे तरी जाणत्या प्रेक्षकाच्या ध्यानी येते. ध्वनीच्या बाबतीत जे घडते ते मात्र सहसा कोणाच्याच ध्यानी येत नाही.

जुन्या ध्वनिपट्टीवर अखंड सरसर असते. ती काढण्यासाठी वरच्या कंपनसंख्येचे ध्वनी दाबतात. परंतु स, श, फ ह्या घर्षक व्यंजनांची बरीचशी ओळख त्याच पट्ट्यात, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास व त्याहूनही वर असते. सरसर गेली की उच्चारांची धारही बोथट होते. ‘ग्रिझ्बी’तील एका प्रसिद्ध प्रसंगात मॅक्स व रितों रात्री कुरकुरीत पावावर पॅते लावून खातात, वाइन पितात, पायजमे चढवितात, दात घासतात. येथे संवाद थोडा आणि आवाज बारीकसारीक आहेत. ध्वनी अतिशय स्वच्छ केलेल्या आवृत्तीत अशा प्रसंगाचा प्राण राहील असे मला वाटत नाही.

तिसरे संपादन उपशीर्षकांत होते. आर्गोतील शब्द इंग्रजी उपशीर्षकात साध्या ‘मनी’ने भागतो, आणि बोलणारा कोण, कोणाशी, किती विश्वासाने बोलतो आहे हे सारे गळून पडते. गुप्त बोलीची रचना मराठी वाचकास वास्तविक परकी नाही. पॅरिसच्या खाटकांत एकोणिसाव्या शतकात प्रचलित असलेली ‘लूशेबेम’ बोली पाहा : ‘बूशे’ (खाटीक) ह्या शब्दातील आद्य व्यंजन शेवटी न्यावयाचे, त्याच्या जागी ‘ल’ ठेवावयाचा आणि एक प्रत्यय जोडावयाचा, की ‘लूशेबेम’ झाले. ‘फू’ (वेडा) ह्यापासून तसाच झालेला ‘लूफोक’ आज सर्वमान्य फ्रेंचमध्ये रुळला आहे. आपल्या मुलांची च-ची भाषा हेच करते : ‘नाव’चे ‘चवना’, ‘काय’चे ‘चयका’. फ्रेंचमध्ये ‘ल’, आपल्याकडे ‘च’, युक्ती एकच. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेची तऱ्हा वेगळी. तीत अक्षरे न फिरविता संख्यांना निराळीच नावे दिली जात. उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, आंगुळू म्हणजे दहा. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून होणारा सौदा तर शब्दाविनाच चालतो. बाहेरच्यास कळू नये आणि आतल्यास आपलेपणा वाटावा, हे दोन्ही हेतू ह्या सर्वांमागे आहेत. मॅक्सच्या टोळीतही तेच आहेत.

हा प्रश्न केवळ फ्रेंचांचा असता तर एवढा विस्तार केला नसता. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या काळातील ध्वनिमुद्रिका आणि काही ग्रामोफोनच्या तबकड्या सोडल्या, तर बोललेल्या मराठी संवादाचा जुना साठा म्हणजे १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’पासूनचे बोलपट होत. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मधील गौरीच्या जिजाईची ग्रामीण धाटणीची बोलण्याची लकब, तिचे हेल, तिचे आघात कोणत्याही व्याकरणग्रंथात मिळणार नाहीत. ह्या साठ्याचे नुकसान आधीच फार झाले आहे. २००३ सालच्या जानेवारीत पुण्याच्या चित्रपट संस्थेतील आगीत नायट्रेट फितींचा मोठा संग्रह भस्मसात झाला. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कक्षेत २०२२ साली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची योजना जाहीर झाली, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र प्रत्येक चित्रपटाची स्वच्छ न केलेली ध्वनिपट्टी जशीच्या तशी वेगळी जतन व्हावी, आणि ती अभ्यासकास मागता यावी, अशी भाषाशास्त्राची मागणी असावयास हवी. स्वच्छ प्रत पुन्हा केव्हाही करता येईल. पुसलेला उच्चार पुन्हा मिळविता येणार नाही.

‘ग्रिझ्बी’ची तबकडी वर्गात लावणाऱ्या शिक्षकास एक सूचना. पहिल्या खेपेस उपशीर्षके बंद ठेवावीत, आणि विद्यार्थ्यांकडून केवळ कोणता शब्द कोणासमोर उच्चारला जातो आणि कोणासमोर टाळला जातो एवढेच टिपून घ्यावे. फ्रेंच न येणाऱ्यासही ‘ग्रिझ्बी’ हा शब्द कानाने ओळखता येतो.