इंजिन उघडण्याआधी

"बोअर गेलाय. इंजिन खाली घ्यावं लागेल." जुन्या गाडीच्या मालकाला या दोन वाक्यांची धास्ती असते. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, मिसिंग मारते, मध्येच बंद पडते. मेस्त्री बॉनेट उघडून कान देतो आणि निकाल लागतो. निकाल बरोबरही असेल, पण नुसत्या कानावर तो देता येत नाही. थरथरण्याची कारणं डझनभर आहेत आणि त्यातली बरीचशी किरकोळ खर्चात मिटणारी आहेत.

प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घेऊ. कुर्ल्याला तयार झालेली, मुळात फियाट 1100 वर बेतलेली ही गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. हौशी मालकांनी ती अजूनही जपली आहे. तिचं इंजिन चार सिलिंडरांचं, 1089 सीसीचं. बोअरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. उभ्या गाडीत असं इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून मिनिटाला 1600 धक्के. त्यातला प्रत्येक चौथा धक्का दुबळा पडला की इंजिन हलायला लागतं. वेगात असताना हेच दुखणं झाकलं जातं. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, आत जाणारी हवा मोजकी असते. अशा वेळी कार्ब्युरेटरखालच्या फाटक्या गॅस्केटमधून जराशी हवा शिरली तरी मिश्रण बिघडतं. झिजलेला बोअरही इथेच उघडा पडतो, कारण पिस्टन संथ चालतो आणि दाबलेल्या वायूला रिंगांच्या कडेनं निसटायला वेळ मिळतो.

बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलटा फिरतो. तिथेच ज्वलनाचा दाब आणि उष्णता सर्वाधिक, तेलाचा थर सर्वांत पातळ. शिवाय तो दाब वरच्या रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. साहजिकच झीज वर जास्त, खाली कमी होते. रिंग जिथवर पोचतच नाही तिथे मूळ मापाची कड शिल्लक राहते आणि हेड उतरवल्यावर ती नखाला लागते. पिस्टन क्रँकच्या आडव्या दिशेनं रेटला जात असल्यानं बोअर लंबगोलही होतो. थंड इंजिनात चोक ओढला की जादा पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, आणि इंजिन तापण्याआधीच बंद केलं तर ज्वलनातलं पाणी आणि आम्ल आतच साचतं. म्हणून रोज भाजीपुरती दोन किलोमीटर फिरणारी गाडी 'कमी चाललेली' असली तरी आतून बरी असेलच असं नाही. फाटक्या एअर फिल्टरमधून जाणारी धूळ तर पॉलिश पेपरसारखी भिंत घासते.

धूर बघायचा तर कुठे आणि केव्हा, हे महत्त्वाचं. बोरघाट उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते. खोपोलीत पुन्हा पाय दाबल्यावर निळ्या धुराचा एक लोट निघाला आणि थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर घ्यावा. तोच घाट चढताना निळा धूर सतत येत असेल, ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून धापा टाकल्यासारखी वाफ येत असेल आणि डिपस्टिकवरची पातळी उतरत असेल, तर मात्र रिंगा आणि बोअरकडे वळावं. काळा धूर हा जादा पेट्रोलचा. त्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही.

आधी स्वस्त तपासण्या. इंजिन चालू ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीनं एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच पडतं. जिची काढूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला आहे. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघावा. दुखणं प्लगबरोबर गेलं तर काम तिथेच संपलं. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा, डिस्ट्रिब्युटर मात्र कोरडा ठेवून. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. सीबी पॉइंटची फट, स्लो जेटमधला कचरा, टॅपेट हेही याच टप्प्यावर. टॅपेट आवाज करत नाहीत म्हणून मालक खूश असतात. पण फाजील घट्ट टॅपेटमुळे तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि शेवटी जळतो. किंचित टकटक परवडली.

एवढं करूनही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन गेज लावायचा. ही चाचणी घाईत केली तर फसवी ठरते. इंजिन तापलेलं हवं, सगळे प्लग काढलेले हवेत, इग्निशनची जोडणी सोडवलेली हवी, बॅटरी भरलेली हवी आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा चांगल्या इंजिनालाही आजारी ठरवतो. सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब द्यायचे आणि आकडा लिहायचा.

समजा, आकडे आले 132, 128, 85 आणि 130 पौंड. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. तेलानं रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. आकडा 115 वर चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. 85 चे 88 झाले तर बोअर निर्दोष, व्हॉल्व्ह गळतो आहे. हेड उतरवून ग्राइंडिंग केलं की भागतं. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट बघावं. चारही आकडे सारखेच उतरलेले असतील तर गाडी थरथरणार नाही, पण पिकअप गेलेला असेल. म्हणजे सगळीकडे सारखा झिजलेला बोअर थरथरीचं कारण म्हणून तसा दुय्यमच.

व्हॅक्यूम गेजही कामाचा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांवर स्थिर राहतो. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा होतो, त्यामुळे मुंबईत 19 दाखवणारी गाडी पुण्यात 17 दाखवेल. त्यावर घाबरू नये. ठरावीक तालात झटके देणारा काटा बहुधा व्हॉल्व्हची तक्रार करतो.

हेड आणि पिस्टन निघालेच, तर झीज मोजायला सुटी रिंग आणि फीलर गेज पुरतो. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट आधी कडेच्या किंचित खाली, मग तळाशी मोजायची. वर 0.90 आणि खाली 0.45 मिलिमीटर आली तर फरक 0.45, त्याला 3.14 नं भागलं की 0.14 मिलिमीटर. बोअर वर खालच्यापेक्षा तेवढा रुंद झाला आहे. इतक्या निमुळत्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे वाया; वरची रिंग त्या कडेला आपटून तुटायचीही भीती असते. इथे बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात. बीड आणखी कोरण्याजोगं उरलं नसेल तर लायनर ठोकून पुन्हा मूळ माप आणता येतं. जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध घातल्यानं धूर काही दिवस दबतो. गाडी विकायची असलेल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. घेणाऱ्यानं म्हणून सौद्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावं.

मालकानंही गॅरेजमध्ये तेवढाच आग्रह धरावा. इंजिन उतरवायला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा कोरडा आणि तेल घातल्यानंतरचा आकडा कागदावर लिहून मागावा, आणि तो देत नसतील तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यावी.