लेखकाच्या घरी छापलेला ग्रंथ : गॅलिलिओ आणि ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न

इ. स. १६०६ मध्ये पादुआ येथे छापल्या गेलेल्या एका लहानशा इटालियन पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर एक लक्षणीय नोंद आढळते. हे पुस्तक लेखकाच्या घरी मुद्रित झाले, असे ती नोंद सांगते. पुस्तकाचा विषय ‘भूमितीय आणि लष्करी कंपास’ या गणनसाधनाचा उपयोग हा होय. लेखक पादुआ विद्यापीठातील गणिताचा अध्यापक गॅलिलिओ गॅलिली, मुद्रक पिएत्रो मारिनेल्ली, आणि प्रतींची संख्या अवघी साठ. गॅलिलिओच्या कीर्तीचा आरंभ सामान्यतः १६१० सालच्या ‘सिदेरेउस नुन्सिउस’ अर्थात ‘नक्षत्रदूत’ या ग्रंथापासून मानला जातो. त्यापुढे या साठ प्रतींचा उल्लेख ओझरताच होतो. तथापि एखाद्या अभ्यासकाने स्वतःच आपला ग्रंथ छापून आपले ज्ञानक्षेत्रातील स्थान सिद्ध करू पाहिले तर त्यातून काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार करण्यास हे पुस्तक अधिक उपयुक्त आहे.

या विचारात दोन गोष्टी प्रथमच वेगळ्या करावयास हव्यात. ग्रंथामुळे ग्रंथकाराला मिळणारा मान, पद व आश्रय ही त्याची प्रतिष्ठा होय. त्याच्या विधानांना जाणकारांकडून मिळणारी मान्यता हे त्याच्या ग्रंथाचे प्रामाण्य होय. व्यवहारात या दोहोंची गल्लत नेहमी होते. गॅलिलिओच्या चरित्रात मात्र त्या निरनिराळ्या मार्गांनी आणि निरनिराळ्या वेळी प्राप्त झालेल्या दिसतात.

टायको ब्राहेचा पूर्वादर्श

विद्वानाने स्वतःच मुद्रक बनण्याची प्रथा गॅलिलिओने प्रथम पाडली असे नव्हे. डॅनिश ज्योतिर्विद टायको ब्राहे याने ह्वेन बेटावरील आपल्या वेधशाळेतच छापखाना उभारला होता, आणि पुढे कागदाची गिरणीही बांधली होती. मुद्रकाच्या सोयीवर आपले वेध अवलंबून राहू नयेत, हा त्यामागील हेतू उघड आहे. पुढे डॅनिश राजदरबाराची मर्जी फिरली आणि १५९७ मध्ये टायकोने देश सोडला. आश्रयहीन अवस्थेत हांबुर्गजवळील वांड्सबेक येथे राहून त्याने १५९८ मध्ये ‘आस्त्रोनोमिए इन्स्ताउराते मेकानिका’ हा ग्रंथ छापून घेतला. आपल्या वेधयंत्रांची सचित्र वर्णने आणि आपल्या कार्याचा वृत्तान्त त्याने त्यात दिला. ग्रंथ सम्राट दुसरा रूडॉल्फ यास अर्पण केला होता. त्याच्या हाताने रंगविलेल्या प्रती राजेरजवाडे व विद्वान यांना भेटीदाखल पाठविण्यात आल्या. दुसऱ्याच वर्षी, १५९९ मध्ये, टायको प्राग येथे सम्राटाच्या सेवेत रुजू झाला.

विक्री हा या ग्रंथाचा उद्देशच नव्हता. तो एका विद्वानाने आश्रयदात्यापुढे मांडलेला आपल्या योग्यतेचा पुरावा होता. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, टायकोने आपली यंत्रे झाकून ठेवली नाहीत. त्यांची मापे, रचना व वेध घेण्याची रीत ही सर्व त्याने वाचकापुढे ठेवली. ज्याला साधने व द्रव्य उपलब्ध असेल त्याने ती बांधून पाहावीत, अशी त्या ग्रंथाची धाटणी आहे.

साठ प्रतींचे पुस्तक

गॅलिलिओची परिस्थिती निराळी होती. १५९२ मध्ये पादुआ येथे त्याची नेमणूक झाली ती वार्षिक १८० फ्लोरिन वेतनावर. त्या काळी विद्यापीठात गणिताच्या अध्यापकाचे स्थान तत्त्वज्ञानाच्या अध्यापकापेक्षा बरेच खालचे होते. बहिणींच्या हुंड्यांचा भार त्याच्यावर होता. घरी विद्यार्थ्यांना भोजन-निवासासह ठेवून, खाजगी शिकवण्या करून तो प्रपंच चालवी. १५९७ च्या सुमारास त्याने आपला कंपास सिद्ध केला, आणि १५९९ पासून मार्कांतोनिओ माद्झोलेनी या कारागिरास घरी ठेवून तो विक्रीसाठी बनविण्यास आरंभ केला.

या साधनाची रचना थोडक्यात अशी. धातूच्या दोन सपाट भुजा एका टोकाशी खिळीने जोडलेल्या असून त्या हव्या तेवढ्या उघडता येतात. दोन्ही भुजांवर सारख्याच रेषा आखून त्यांवर अंक कोरलेले असतात. भुजा उघडल्या म्हणजे समान अंकांच्या बिंदूंमधील अंतर हा एका समद्विभुज त्रिकोणाचा पाया होतो. असे सर्व त्रिकोण परस्परांशी समरूप असल्यामुळे एक प्रमाण ठरविले की बाकीची प्रमाणे केवळ साध्या कंपासाच्या टोकांनी अंतर मोजून मिळतात. त्रैराशिक, नाण्यांचा विनिमय, चक्रवाढ व्याज, वर्गमूळ, घनमूळ आणि निरनिराळ्या धातूंच्या तोफगोळ्यांची मापे ही सर्व लेखी आकडेमोड न करता काढता येत. ज्या सरदारपुत्रांना लष्करात जावयाचे होते, पण गणिताचा कंटाळा होता, त्यांना हे साधन विशेष उपयोगी पडले. गॅलिलिओची मुख्य प्राप्ती साधनाच्या विक्रीपेक्षा ते वापरावयास शिकविण्याच्या शिकवणीतून होत असे. प्रारंभी उपयोगाच्या सूचना हस्तलिखित प्रतींतून विद्यार्थ्यांना मिळत.

मग ग्रंथ छापण्याचे कारण काय? वाचकांना उद्देशून लिहिलेल्या प्रास्ताविकात ते गॅलिलिओने स्वतःच सांगितले आहे. दुसरा कोणी हे साधन आपले म्हणून पुढे आणण्याच्या बेतात आहे, असे त्याच्या कानी आले होते. म्हणजे पुस्तक हे प्रथमतः अग्रहक्काचे साधन होते. ते त्याने टस्कनीचा युवराज कोझिमो दे मेदिची यास अर्पण केले. १६०५ च्या उन्हाळ्यात त्याने या युवराजास गणित शिकविले होते. पुस्तक विद्वानांच्या लॅटिनमध्ये नसून इटालियन भाषेत आहे, कारण त्याचा वाचक सैनिक व उमराव हा होता. टायकोच्या नेमके उलट म्हणजे, कंपास कसा तयार करावा हे त्यात मुद्दाम गाळले आहे. ज्याच्याजवळ प्रत्यक्ष साधन नाही त्याला पुस्तक निरुपयोगी ठरावे, अशीच योजना होती. अध्यापकाची उपजीविका या मौनात दडलेली होती.

वाङ्मयचौर्य आणि त्याचा निर्णय

मौन बाळगण्याची ही योजना वर्षभरही टिकली नाही. १६०७ मध्ये बाल्दासारे काप्रा या मिलान येथील तरुणाने पादुआमध्येच एक लॅटिन पुस्तक छापले. त्यात त्याच साधनाचा उपयोग तर होताच, शिवाय गॅलिलिओने झाकून ठेवलेली रचनाही होती. आणि गॅलिलिओनेच दुसऱ्याच्या शोधावर हक्क सांगितला, असे त्यात सूचित केले होते. लॅटिन ग्रंथ युरोपभर जाऊ शकत होता. इटालियन भाषेतील साठ प्रती बहुतांशी शिष्य व आश्रयदाते यांच्याच हाती होत्या. गॅलिलिओच्या नावावर आळ येण्याचा धोका खरा होता.

गॅलिलिओने विद्यापीठाच्या व्हेनिस येथील नियामकांकडे दाद मागितली. ज्यांनी हे साधन अनेक वर्षांपूर्वी पाहिले वा वापरले होते अशा प्रतिष्ठितांच्या साक्षी त्याने सादर केल्या. नियामकांसमोर काप्राची समोरासमोर परीक्षा घेण्यात आली तेव्हा आपल्याच पुस्तकातील गणिताचे स्पष्टीकरण त्याला देता आले नाही. ४ मे १६०७ रोजी निर्णय गॅलिलिओच्या बाजूने लागला आणि काप्राच्या पुस्तकाच्या प्रती जप्त करण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी गॅलिलिओने व्हेनिस येथील तोमासो बाल्योनी याच्याकडून या प्रकरणाची सविस्तर हकीकत छापून प्रसिद्ध केली, कारण ज्या प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या त्यांना निर्णयाचा आदेश गाठू शकत नव्हता.

या निर्णयाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. काप्राचे पुस्तकही छापीलच होते, आणि त्यात माहिती अधिक होती. तेव्हा मुद्रण हा दोघांतील भेद नव्हे. गॅलिलिओचे पुस्तक निर्णायक ठरले ते त्याच्या छापील तारखेला साक्षीदारांची आणि स्वतःच्या आकलनाची जोड होती म्हणून. शिवाय त्याच्या अग्रहक्कालाही मर्यादा होत्या. अशाच तत्त्वावरील साधनाचे वर्णन इंग्लंडमध्ये टॉमस हूड याने १५९८ मध्येच प्रसिद्ध केले होते. नियामकांनी ठरविले ते एवढेच, की पादुआतील या वादात मूळ कर्ता कोण आणि नक्कल करणारा कोण. ‘जगात प्रथम कोण’ या प्रश्नाचे उत्तर त्या निर्णयाने दिले नाही.

‘नक्षत्रदूत’ : पद आधी, प्रचिती नंतर

तीन वर्षांनी त्याच बाल्योनीच्या छापखान्यातून ‘नक्षत्रदूत’ बाहेर पडले. या वेळी प्रती ५५० होत्या आणि भाषा लॅटिन होती. गुरूभोवतीचे चार उपग्रह हा त्यातील मुख्य शोध. कोझिमो आता महाड्यूक झाला होता. उपग्रहांना प्रथम त्याच्या नावावरून ‘कोस्मिका’ म्हटले होते. पण दरबारास मेदिची घराण्याचे नाव अधिक पसंत पडल्यामुळे आधीच छापलेल्या शब्दावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी लागली. मे १६१० मधील पत्रात गॅलिलिओने आपल्या पदनामात ‘गणिती’ या शब्दाबरोबर ‘तत्त्वज्ञ’ हा शब्दही असावा, अशी स्पष्ट मागणी केली. १० जुलै १६१० रोजी तसेच पद त्याला मिळाले, वेतन एक हजार स्कूदी ठरले, आणि अध्यापनाचे बंधनही राहिले नाही.

आता तारखांकडे लक्ष द्यावे. एप्रिल १६१० मध्ये बोलोन्या येथे गॅलिलिओने विद्वानांना आपल्या दुर्बिणीतून उपग्रह दाखविण्याचा प्रयत्न केला, पण पाहणाऱ्यांची खात्री पटली नाही. त्याच महिन्यात केप्लरने त्याच्या बाजूने लिहिले खरे, परंतु तेव्हा त्याने स्वतः ते उपग्रह पाहिले नव्हते. ते त्याने पाहिले ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी, आणि तो वृत्तान्त १६११ मध्ये प्रसिद्ध केला. रोममधील जेझुइट गणिती क्लाव्हियस याने डिसेंबरात दुजोरा दिला. सारांश, जाणकारांची प्रचिती येण्यापूर्वीच पद मिळाले होते. पद आश्रयदात्याने दिले, प्रामाण्य मात्र ज्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिले त्यांनी दिले.

हे प्रामाण्य शक्य झाले याचे श्रेय ग्रंथाच्या रचनेस आहे. दुर्बीण कशी बनवावी याविषयी गॅलिलिओने येथेही फारसे सांगितले नाही. परंतु ७ जानेवारीपासून २ मार्चपर्यंतची निरीक्षणे त्याने दिनांक व वेळेसह, उपग्रहांच्या स्थानांच्या आकृत्यांसह दिली. आपली दुर्बीण किती पट वर्धन करते हे वाचकाने कसे तपासावे, याचीही रीत त्याने सांगितली. परिणामी शंका घेणाऱ्या वाचकालाच परीक्षक होण्याची संधी मिळाली. साठ प्रतींच्या पुस्तकात जे नव्हते ते येथे होते. साधन झाकलेले असूनही निष्कर्ष तपासता येत होता.

उपसंहार

स्वखर्चाने वा स्वतःच्या देखरेखीखाली ग्रंथ छापण्याचे साधन आज साठ प्रतींपुरतेही महाग राहिलेले नाही. प्रबंध, टिपणे व व्यावसायिक अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध करून अधिकार मिळवावा, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिच्यात गैर काही नाही. टायको व गॅलिलिओ या दोघांच्याही बाबतीत ती स्पष्ट दिसते. परंतु संपादक व परीक्षक यांच्या हातून न गेलेल्या ग्रंथावर एक जादा जबाबदारी येते. जी परीक्षा इतरांनी आधी घेतली नाही ती नंतर घेता यावी अशी सोय लेखकाने ग्रंथातच करून ठेवली पाहिजे. विधान केव्हा केले, कशाच्या आधारे केले आणि वाचकाने ते कसे तपासावे, या तीन गोष्टी ज्या ग्रंथात नाहीत तो ग्रंथ लेखकाला कदाचित पद मिळवून देईल. काप्रासारखा कोणी समोर उभा राहिला म्हणजे मात्र अशा ग्रंथाच्या कर्त्यापाशी छापील पानांखेरीज दाखविण्यासारखे काही उरत नाही.