बापाच्या वाट्याची रजा

तान्ह्या बाळाचे करण्यात बाप मागे का राहतो, याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो. स्वीडनचा अनुभव वेगळे सांगतो. तिथे १९७४ मध्ये मातृत्व रजेच्या जागी आई-बाप दोघांसाठी पालकत्व रजा आली; पण बहुतेक बाप आपला वाटा आईच्या नावे करून कामावर जात. १९९५ मध्ये एक महिना राखीव झाला. ज्याचा त्यानेच घ्यायचा, नाहीतर बुडाला. मग रजा घेणारे बाप वाढले. २०१६ पासून हा वाटा ९० दिवसांचा आहे. आपल्याकडे नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, केंद्र सरकारी कर्मचारी बापाला १५ दिवस; खासगी नोकरीतल्या बापासाठी देशव्यापी कायदाच नाही. बाळाला न्हाऊ घालणे, निजवणे बाप सवयीनेच शिकतो. सवयीला दिवस लागतात, आणि ते नियमाने द्यावे लागतात.