‘स्टूल रुटीन’मध्ये न दिसणारा

नालासोपारा पूर्वेच्या एका लॅबमध्ये स्लाइड तपासणाऱ्या मॅडमच्या शेजारी स्टूल ओढून बसले होते. आलेल्या बहुतेक फॉर्मांवर ‘स्टूल रुटीन’ एवढंच. सलाईन आणि आयोडीनच्या थेंबात जंतांची अंडी, अमिबा, जिआर्डिया पकडता येतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सहज निसटतो. जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा, यीस्टच्या पेशीशी गल्लत होणारा.

एका फॉर्मवर नावाऐवजी नंबर, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात: ‘तीन आठवडे जुलाब, सीडी-फोर कमी, मॉडिफाइड अ‍ॅसिड-फास्ट करावे.’ सीडी-फोर म्हणजे एचआयव्हीत घटत जाणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी. माझ्या मते निम्मा इलाज या ओळीत होता. कारण मागितल्याशिवाय हा स्टेन कोणी करत नाही.

नमुना सेंट्रिफ्यूजमधून काढून तळचा गाळ स्लाइडवर पसरला, वाळवला, मिथेनॉलने पक्का केला. मग कार्बोल फुक्सिन. टीबीच्या स्लाइडला खालून आच देतात, इथे गरज नाही. पुढचं अ‍ॅसिडही सौम्य, १ टक्का सल्फ्युरिक. ‘‘जोराचं घातलं तर हाही धुऊन जाईल,’’ मॅडम म्हणाल्या. शेवटी मिथिलीन ब्लू, आणि ऑइल लेन्स.

निळ्या पसाऱ्यात गुलाबी-लाल गोळे. काही गडद, काही अगदी फिके. सगळे सारखा रंग धरत नाहीत. मॅडम मोठे, लांबट दाणेही शोधत होत्या. ते आयसोस्पोरा. तो निघाला असता तर मला हायसं वाटलं असतं, कारण तो को-ट्रायमोक्साझोलला दाद देतो. क्रिप्टोवर, सीडी-फोर खाली असताना, कुठल्याच गोळीचा भरवसा नाही. एचआयव्हीवरच्या औषधांनी, म्हणजे एआरटीने, प्रतिकारशक्ती वर आली की तो हटतो. सरकारी केंद्रांतून एआरटी मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. त्याआधी असे रुग्ण जुलाबांनीच खंगत जात.

स्लाइड निगेटिव्ह आली असती तरी निकाल लागला नसता. क्रिप्टो शौचातून रोज पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागवतात.

राहिलं पाणी, ज्यातून हा पोटात जातो. या भागात टँकर काही नवा नाही, आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले की झालं, असा समज आहे. क्लोरीनला हा परजीवी भीक घालत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळावं लागतं. भाड्याच्या खोलीत सिलिंडर पुरवून वापरायचा, त्यात अख्ख्या घराचं पाणी कोण उकळणार? मॅडम म्हणाल्या, निदान रुग्णाचं तरी उकळा, गोळ्या गिळायला घेतो तेही.