छोटी चाकं, मोठे दगड – लेखांक 6 : वजन काढायचं, पण कुठून?

जबलपुरात बसून खडकांवर चढणारी रिमोटची गाडी, म्हणजे रॉक क्रॉलर, स्वतः बांधायचा विचार सुरू झाला की जोंगा आठवणं साहजिकच आहे. तिचं नावच इथलं आहे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते आलं. निसानकडून परवाना घेऊन इथल्या व्हेइकल फॅक्टरीने 1969 पासून तीसेक वर्षं ही गाडी सैन्यासाठी बनवली. शिडीसारखी पोलादी चॅसी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे असा तिचा सगळा रोखठोक कारभार. सैन्यातून निघालेल्या जोंगा लिलावात घेऊन हौसेने सांभाळणारे लोक अजून आहेत. त्यामुळे एक-दशांश मापाचं मॉडेल करतानाही तशीच पोलादी शिडी खाली घालावी असं वाटतं. दुसरीकडे हलक्या चॅसीच्या मोहात पडलेले लोक थेट कार्बन फायबरच्या पत्र्याची किंमत विचारू लागतात. मला दोन्ही टोकं एकाच गैरसमजातून आलेली दिसतात. चॅसी किती ग्रॅमची आहे हा प्रश्न दुय्यम आहे. तिच्यातून वाचवलेलं वजन गाडीत कुठे जातं आणि तिच्यावर बाकीचं सामान किती उंचीवर बसतं, हे खरे प्रश्न.

आधी पोलादी शिडीकडे पाहू. गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात एक गोष्ट दाखवून दिली होती. वस्तू सर्व बाजूंनी दहापट लहान केली तर तिचं वजन हजारपट घटतं, पण तिच्या हाडाचा छेद शंभरपटच घटतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर स्वतःच्या वजनाचा ताण दहापट कमी येतो. मुंगी आपल्याहून जड दाणा उचलते आणि हत्तीला उडी मारता येत नाही, त्यामागे हेच गणित आहे. मोठ्या जोंगाची चॅसी हुबेहूब मापात लहान केली तर ती गरजेपेक्षा कितीतरी दणकट होते. तो दणकटपणा वाया जातो एवढंच नाही, त्याचं ओझं चाकांच्या वर, नको तिथे बसतं. लहान होण्यातून ताकद फुकटात मिळते, तोल मात्र मिळत नाही. गाडी कोणत्या कोनात उलटेल हे फक्त दोन मापांच्या गुणोत्तरावर ठरतं: गुरुत्वमध्याची उंची आणि तिथून बाहेरच्या चाकापर्यंतचं आडवं अंतर. दोन्ही मापं दहापट लहान केली की गुणोत्तर तेच राहतं. इथल्या मदनमहालच्या टेकडीवरचा बॅलन्सिंग रॉक बघा. तो भलामोठा दगड खालच्या खडकाला जेमतेम टेकलेला आहे आणि 22 मे 1997 च्या भूकंपातही जागचा हलला नाही. त्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा टेकलेल्या जागेच्या आत पडतो, म्हणून तो उभा आहे. तो किती टनांचा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता हिशेबापुरती एक गाडी घेऊ. वजन अडीच किलो, चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर 200 मिलिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 90 मिलिमीटर उंच. ही गाडी सुमारे 48 अंशांवर कुशीवर पडेल. तिच्या चॅसीच्या दोन पट्ट्या प्रत्येकी 250 मिलिमीटर लांब, 25 उंच आणि 3 जाड आहेत. पोलादात त्यांचं वजन होतं 295 ग्रॅमच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियममध्ये 100. पोलाद काढून अ‍ॅल्युमिनियम घातलं आणि वाचलेले जवळपास 200 ग्रॅम पितळेच्या रूपात अ‍ॅक्सलच्या टोकांना नि चाकांत बसवले, तर एकूण वजन तेवढंच राहून गुरुत्वमध्य साडेचार मिलिमीटरने खाली येतो आणि उलटण्याचा कोन साडेएकोणपन्नासवर जातो. म्हणजे दीड अंशाची कमाई. एवढ्या खटाटोपासाठी ती फार नाही, हे मान्य करायला हवं. पण आता 250 ग्रॅमची बॅटरी चॅसीवर न ठेवता दोन पट्ट्यांच्या मधे, 50 मिलिमीटर खाली उतरवा. कोन 51 अंशांच्या थोडा पुढे जातो. शेवटी वरची जाड प्लॅस्टिकची 500 ग्रॅमची बॉडी काढून 200 ग्रॅमची पातळ पॉलिकार्बोनेटची घाला. कोन पंचावन्नच्या पुढे सरकतो. एकूण साडेसात-पावणेआठ अंश मिळाले आणि त्यांतला सगळ्यात लहान वाटा चॅसीच्या धातूचा. चॅसीने बॅटरीला खाली जागा करून दिली, हे तिचं मोठं काम. हौशी मंडळी पट्ट्यांना भोकं पाडून दहा ग्रॅम वाचवतात आणि वर छपरावर सामानाचा कॅरियर, जेरीकॅन नि दिव्यांची रांग चढवतात. असली गाडी फोटोत मात्र छान दिसते.

याच हिशेबातून कार्बन फायबरचा निकाल लागतो. त्याच मापाच्या कार्बनच्या पट्ट्या 60 ग्रॅमच्या होतील. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत वाचले 40 ग्रॅम, आणि तेही अ‍ॅक्सलवर उतरवले तरी फायदा अंशाच्या एक-तृतीयांशाइतका. त्याच्या बदल्यात कापताना उडणारी बारीक धूळ छातीत जाऊ नये म्हणून पत्रा ओला ठेवून कानस चालवा, मास्क लावा, कापलेल्या कडा सुपरग्लूने बंद करा. शिवाय कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून उघड्या वायरची काळजी घ्या. स्पर्धेत उतरणाऱ्याने हे जरूर करावं. पहिली चॅसी बांधणाऱ्याला 6061 जातीचा 3 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा पुरे. ताकद धातूच्या जातीपेक्षा त्याच्या ठेवणीतून जास्त मिळते. हाताशी असलेली प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून वाकवून पाहा, मग तीच उभी धरून पाहा. 20 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड पट्टी उभी धरली की आडवीपेक्षा सुमारे 44 पट ताठ होते. म्हणून पट्ट्या कडेवर उभ्या ठेवायच्या. वजनासाठी भोकं पाडायचीच असतील तर उंचीच्या मध्यावर पाडायची, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडांवर येतो आणि मधला धातू तुलनेने रिकामा बसलेला असतो. खाचेचा कोपरा काटकोनी सोडू नये. आधी ड्रिलने गोल भोक पाडावं आणि त्यात खाच उतरवावी, नाहीतर तडा त्याच कोपऱ्यातून निघतो. दोन उभ्या पट्ट्या वाकत नसल्या तरी पीळ सहज खातात, आणि मोटरने जोर लावला की पुढचं एक चाक उचललं जाण्याचं एक कारण तो पीळ असतो. पोटाखालची स्किड प्लेट, चाकं वळवणाऱ्या सर्व्हो मोटरचा आधार आणि मागचा आडवा दांडा यांनी त्या पट्ट्या घट्ट बांधल्या की पीळ बराच आवरतो. हे तीन भाग तसेही लागतातच, म्हणजे ताठपणासाठी वेगळं वजन घालावं लागत नाही.

यावर एक हरकत रास्त आहे. मॉडेल तीन फुटांच्या दगडावरून पडतं, म्हणजे मापाच्या हिशेबात जोंगा तीस फुटांवरून पडल्यासारखं. मग चॅसी दणकट नको का? तीन फुटांवरून पडलेली गाडी ताशी 15 किलोमीटरच्या वेगाने आपटते. तो मार पहिल्यांदा फुगीर टायर, शॉकअप आणि लवचिक बॉडी झेलतात. चॅसीपर्यंत पोचतो तो उरलेला. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फार तर वाकते आणि व्हाइसमध्ये धरून बऱ्यापैकी सरळ करता येते. कार्बन वाकत नाही, त्याचे थर उकलतात. ही हरकत पोलादाच्या बाजूची वाटते खरी, पण तिचा फायदा मिळतो अ‍ॅल्युमिनियमला. दुसरी हरकत अशी की जड गाडीची पकड चांगली असते. शाळेतल्या घर्षणाच्या नियमाने पाहिलं तर वजन वाढलं की पकड वाढते, पण उतारावर मागे ओढणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो आणि दोन्हींची फिटंफाट होते. रबर हा नियम काटेकोर पाळत नाही. फार दाब पडला की त्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही. उलट गाडी फारच हलकी असेल तर मऊ टायर खडकाच्या खाचांत दाबला जात नाही. म्हणून वजन हवं, पण ते चाकांत आणि अ‍ॅक्सलवर.

तिसरी हरकत सगळ्यात चिवट आहे. रबर ग्रॅनाइटवर साधारण 45 अंशांच्या आसपास घसरायला लागतं. मग गाडी साठला मागे उलटते की सत्तरला, याने काय फरक पडतो? सपाट उतार असता तर पडला नसता. मदनमहालचे दगड ग्रॅनाइटचे, ऊनपावसाने झिजून गोल झालेले आणि एकमेकांवर रचल्यासारखे. तिथे सपाट उतार क्वचितच, पायऱ्याच जास्त. पायरी चढताना पुढची चाकं वरच्या सपाटीवर टेकतात, मागची खालच्या दगडाला रेटतात. प्रत्येक चाकाखालचा उतार सौम्य असतो, पण गाडी स्वतः साठ-पासष्ट अंशांत उभी असते. अशा वेळी आपल्या उदाहरणातल्या गाडीचा पुढच्या-मागच्या चाकांमधला 313 मिलिमीटरचा पल्ला आणि 90 ची उंची घेऊन, वजन निम्मं-निम्मं विभागलेलं असेल तर ती 60 अंशांवर मागे पालथी होते. साठ टक्के वजन पुढे नेलं तर चौसष्टवर. आणि वरच्या तिन्ही बदलांनी गुरुत्वमध्य 68 मिलिमीटरवर उतरवला तर सत्तरवर. म्हणून बॅटरी खाली घेताना ती पुढेही सरकवायची, स्टिअरिंग सर्व्होच्या मागे जेवढी जाईल तेवढी.

हे आकडे कागदावरचे आहेत. आपल्या गाडीचे काढायचे तर एक फळी घ्या, तिच्यावर जाड सँडपेपर चिकटवा, गाडी आडवी उभी करा आणि फळीची एक बाजू हळूहळू उचला. वरच्या बाजूची चाकं सुटली की मोबाइलवरच्या लेव्हलने कोन वाचा. बॅटरी एक सेंटिमीटर खाली करून पुन्हा करा. कोन हिशेबापेक्षा दोन-चार अंश कमीच येईल, कारण गाडी झुकताना खालच्या बाजूचे शॉकअप दबतात आणि गुरुत्वमध्य बाहेरच्या चाकाकडे सरकतो. त्या दबण्याचं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात.