पापणीवरील गाठ : लगण की अर्बुद?

पापणीवर गाठ आलेला रुग्ण कुळगाव-बदलापूर परिसरातील वैद्यांना नवा नाही. सकाळच्या लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार रुग्ण ‘रांजणवाडी’ समजून प्रथम औषधालयातून थेंब नेतो. गाठ राहिली तरच वैद्याकडे येतो. यांतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. परंतु काहींच्या आड कर्करोग दडलेला असतो. त्याविषयी व्यवसायबंधूंशी विचारविनिमय करावा, असे आम्हांस वाटते.

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात २१ वर्त्मगत रोग सांगितले आहेत. अंजननामिकेत दाह व तोद असतो. लगण कठीण, न पिकणारे, बोराएवढे व वेदनारहित असते. वर्त्मार्बुद वर्त्माच्या आतील बाजूस, विषम, ग्रंथिरूप, आरक्त, आणि तेही वेदनारहितच. म्हणून ‘दुखत नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहणे योग्य नव्हे. पहिले दोन भेद्य, तर अर्बुद छेद्य. निदान चुकले की कर्मही चुकते.

आधुनिक शास्त्रानुसार लगणाचे साम्य कलेझियनशी आहे. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल प्रकार प्रमुख असतो. भारतात मात्र तैलग्रंथींच्या (सेबेशियस) कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय आहे. मायबोमियन ग्रंथी वरच्या पापणीत अधिक असल्याने तो तेथे जास्त आढळतो आणि हुबेहूब कलेझियनसारखा दिसतो. पुढील लक्षणे संशय उत्पन्न करणारी आहेत :

१. उतारवयात त्याच जागी पुन्हा उद्भवणारी गाठ.
२. गाठीवरील पापणीचे केस गळणे.
३. पृष्ठभागी व्रण, रक्तस्राव वा पिवळसर छटा.
४. एकाच डोळ्याची, उपचारांना दाद न देणारी लाली.

अशा रुग्णाच्या कानापुढील व जबड्याखालील लसीकाग्रंथी चाचपून पाहाव्यात.

मोठ्या लगणात क्षार व अग्निकर्म शास्त्रोक्त आहे. तथापि, संशयित गाठीवर ते करू नये. दग्ध ऊतींवरून बायोप्सीचा निर्णय होत नाही आणि रोग आत वाढत राहतो. भेदन केल्यास निघालेला अंश फेकून न देता तपासणीस पाठवावा व सेबेशियस कर्करोगाची शंका विकृतितज्ज्ञास लेखी कळवावी.

निदान निश्चित झाल्यावर गाठ भोवतालच्या निरोगी ऊतींसह काढतात. कडा रोगमुक्त असल्याची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली, शक्यतो शस्त्रक्रिया चालू असतानाच, केली जाते. हा रोग नेत्रश्लेष्मलेत विखुरतो, म्हणून तेथील अनेक ठिकाणचे नमुने घेतात. पापणीचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग गेल्यास कडा थेट शिवता येतात. त्याहून अधिक गेल्यास पुनर्रचना करावी लागते. अर्बुदाचा अंश शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, हा सुश्रुतांचा इशारा येथे तंतोतंत लागू पडतो. अशा रुग्णास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेत विनाविलंब पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. त्याच गाठीसाठी तोच ग्राहक पुन्हा थेंब मागू लागला, तर त्यास तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे. वेळीच दिलेला हा सल्ला त्याचा डोळा, प्रसंगी प्राणही, वाचवू शकेल.